माया

जेल गार आहे हं, म्हणत ग्वेननं आधीच माफी मागितली.
मग मानेखाली उशी, हनुवटी वर,
आणि मी डर्बीच्या हॉस्पिटलाचं छत बघत पडलेली.
चौकोनाला चौकोन जोडलेला, एक किंचित तिरका.
कुणी शिवला असेल, असं मनात आलंच.

बावीस वर्षं लोकांच्या गळ्याला टेप लावते आहे.
माझ्या गळ्याचं माप आज पहिल्यांदा कुणी घेतलं,
तेही मिलिमीटरमध्ये.

नोड्यूल्स, ती म्हणाली. दोन. चार आणि सहा.
इंग्रजीत किती हलकं वाटतं,
कार्डावर टाचलेल्या बटणांसारखं.
मराठीत गाठ म्हटलं
की पुढचं स्टेशन थेट परळ.

डॉक्टर हॅलमनी फुलपाखरू काढून दाखवलं.
मला तो बो वाटला, जरा चुरगळलेला.
सूज आहे, म्हणाले, तुमचंच रक्त त्याच्यावर चाल करून जातंय.
मी म्हटलं, म्हणजे दिवसा शिवायचं
आणि रात्री आपल्याच हातानं उसवायचं?
ते थांबले. हो, म्हणाले, साधारण तसंच.
आणि उसवून पुन्हा शिवलेल्या जागी
दोरा गुंततो कधीकधी.

म्हणजे जूनमध्ये दोन स्वेटर घालत होते ते,
भुवयांची टोकं विरळ झाली ती,
इस्त्री हातात धरून डुलकी लागली
आणि कुणाच्या तरी लग्नाच्या पँटवर तपकिरी होडी उमटली ती,
काम गळ्याशी आलेलं असताना
मी दुकानाची पाटी उलटी करून नुसती बसून राहायचे ते
आळस नव्हता.
हे कागदावर लिहून मिळालं असतं तर
काउंटरमागे फ्रेम करून लावलं असतं.

रिपोर्टात: यू टू.
पाचातला दुसरा. निरुपद्रवी.
सुई घालायची गरज नाही, म्हणाले.
माझ्या धंद्यात हे वाक्य कुणी उच्चारत नाही.

त्याच आठवड्यात मॅटलॉकच्या ऑलसॉपबाई आल्या,
वय एक्क्याऐंशी, पिशवीत आजीचा ब्लाउज,
उंच कॉलर, लेस पिवळी पडलेली.
नातीला घालायचाय, गळा फार मोठा आहे, आत घ्या.
मी कॉलर उसवली.
आत तीन पट्ट्या जोडलेल्या,
तीन वेगळ्या दोऱ्यांनी, तीन वेगळ्या वर्षी,
टाके इतके बारीक की चष्म्यावर भिंग धरावं लागलं.
आजीचा गळा वाढत गेला, बाई म्हणाल्या,
या टेकड्यांत पुष्कळींचा वाढायचा,
आयोडीन म्हणजे काय कुणाला ठाऊक?
चर्चला जायचं तर झाकायला हवा ना.
मी विचारलं, दुखायचा का?
त्यांना माहीत नव्हतं. कुणी विचारलंच नव्हतं.

रात्री आक्काला फोन केला, साताऱ्याला.
आज दोघींशी गाठ पडली, म्हटलं.
कोण गं त्या?
एक चार मिलिमीटरची, एक सहा.
पलीकडे कुकरची शिट्टी झाली, मग काहीच नाही.
सुरगाठी आहेत आक्का, घाईनं म्हटलं, निरगाठ नाही.
बराच वेळ गेला.
मीठ कुठलं वापरतेस तू? ती म्हणाली.
नाक ओढल्याचा आवाज आला.

आता सकाळी उपाशीपोटी गोळी,
बारीक, पांढरी, शर्टाच्या बटणाहून लहान.
चहाला अर्धा तास.
एवढा वेळ चहाशिवाय मी शुद्धीवर कधी राहिले नव्हते.
त्या अर्ध्या तासात ती कॉलर घेऊन बसते खिडकीशी.

पट्ट्या कापल्या नाहीत मी.
आत दुमडून टाचल्या, तिन्ही.
ऑलसॉपबाईंनी बोट फिरवून विचारलं, इथे जाड का लागतंय?
कापड शिल्लक ठेवलंय, म्हटलं,
पुढे कधी सैल करावं लागलं तर.
आमच्यात त्याला एक शब्द आहे.
त्यांनी तो दोनदा म्हणून पाहिला, माया, माया,
आणि पर्समध्ये सुटे पैसे शोधू लागल्या.